येऊरच्या वादात न दिसणारी माणसे

ठाण्यातील मित्रांशी फोनवर येऊरचा, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या डोंगराळ जंगलाचा, विषय निघाला की वादाच्या दोन बाजू ठरलेल्या असतात: जंगलाला हात लावू नका, आणि लोकांसाठी सोयी करा. तिथले बंगले, खेळाची टर्फ मैदाने आणि रात्रीचा गोंगाट यांना विटलेल्या माणसांना ‘सोयी’ म्हटले की पेव्हर ब्लॉक आणि दिव्यांचे खांब दिसू लागतात, आणि त्यांची ही भीती मला रास्त वाटते. मात्र व्हीलचेअरवरचा माणूस, किंवा गुडघे दुखतात म्हणून प्रवेशद्वाराशीच थांबणारी आजी, यांच्या वतीने कोणतीच बाजू बोलत नाही.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या आमच्या गावालगतच्या लहानशा राखीव निसर्गक्षेत्रात आम्ही स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी अशा माणसांसाठी वाटा तयार करतो. वरची माती काढायची, जाड कापड अंथरायचे, त्यावर खडी आणि बारीक कच टाकून यंत्राने चोपायची. रुंदी साधारण 1.2 मीटर, चढ शक्यतो 20 मीटरला एक मीटर, आणि सिमेंट कुठेही नाही. आमच्यातल्याच एक बाई व्हीलचेअर वापरतात, आणि शेवटचा थर टाकण्याआधी त्या प्रत्येक टप्प्यावरून खुर्ची नेऊन पाहतात. पाणी निघून जावे म्हणून वाटेला दिलेला आडवा उतार जरा जरी जास्त झाला, तरी खुर्ची चराकडे ओढली जाते. पायी चालणाऱ्याला ते कळतही नाही. पक्की वाट मिळाल्यावर लोक चिखल टाळण्यासाठी गवतात शिरत नाहीत, हा फायदा येऊरच्या रक्षणकर्त्यांनी जरूर विचारात घ्यावा.

इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे चालणार नाही, हेही तितकेच खरे. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नुसती कच जुलैपर्यंत ओढ्यात गेलेली असेल. तिथे धुम्मसाने चोपलेला मुरूम, दगडी कडा आणि जागोजाग मोऱ्याच हव्यात. पाणी कुठून उतरते हे पाड्यांवरच्या रहिवाशांना ठाऊक असते, म्हणून आखणीत त्यांचा शब्द आधी घ्यावा, आणि त्यांच्या श्रमाला मजुरी द्यावी. स्वयंसेवा ही ज्यांना परवडते त्यांनी करावी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीतल्या सहभागाचाही विचार आहे. वन विभागाने येऊरमधला एखादा सपाट, आधीच रुळलेला तुकडा निवडावा, तिथे दिवे आणि दुकाने येणार नाहीत असे लेखी द्यावे, आणि एक पावसाळा ती वाट कशी टिकते ते पाहूनच पुढच्या तुकड्याचे ठरवावे.