तांब्याचा क्रम राहिला
एक्स-रेवरच्या लेखात ‘तांब्याचा फिल्टर लावा, डोस घटेल’ (म्हणजे पेशंटला बसणारा किरणांचा मारा) एवढंच आहे, पत्र्यांचा क्रम राहिला. तांबं किरण सोडणाऱ्या ट्यूबकडे, सोबतचं १ मिमी अ‍ॅल्युमिनियम पेशंटकडे. उलटं बसवलं तर तांब्यातूनच निघणारे ८ केईव्हीचे, म्हणजे कमी ऊर्जेचे मऊ किरण कातडीत मुरतात. मुलांच्या छातीला ०.१ मिमी तांबं पुरे, पण एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) वाढवावा लागतो. खरी गोची तिथेच. मेळघाट-गडचिरोलीकडे १०० एमएचं (मिलिअँपिअर, म्हणजे कमी करंटचं) मोबाइल मशीन, त्यात व्होल्टेज पडलेलं. वेळ लांबतो, रडणारं पोर हलतं, फोटो धूसर, पुन्हा एक्सपोजर. वाचवलेला डोस गेला पाण्यात! अशा मशीनला तांबं नकोच. आधी मशीनचं एकूण फिल्टर २.५ मिमी अ‍ॅल्युमिनियमइतकं भरतं का ते तपासून घ्या (कोलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत आवळणारा भाग, दुरुस्त केल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा परत बसवायचा राहतो), आणि फील्ड, म्हणजे किरण पडायची जागा, छातीपुरतंच आवळा. हातापायाच्या हाडांनाही तांबं लावू नका, फोटोतला कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) मरतो.