झॅन्थोरियाची एसटी कुठल्या फलाटावर लागते?

भाचा फँटसी कादंबरी लिहितोय. ड्रॅगन, सात राज्यं, वहीच्या जोडपानावर नकाशा, सगळं बैजवार. राज्यांची नावं झॅन्थोरिया, एल्ड्राविया आणि मराठी वाचकांची सोय म्हणून एक कालकेतूनगरी. मी म्हटलं, बाळा, पहिली दोन औषधांची वाटतात आणि तिसरं प्लॉट पाडून विकायला काढलेल्या माळाचं.

दोन दिवस बोलला नाही.

पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडात झिजावं लागतं. करहाटकाचं कऱ्हाड एका रात्रीत झालं नाही. कवठाच्या झाडावरून कवठे. पुढे कवठीच इतकी झाली की एकाला महांकाळ जोडा, दुसऱ्याला एकंद. सांगली म्हणजे सहा गल्ल्या, हे मला आजवर पटलेलं नाही, पण नाव आधी आणि गोष्ट मागून, हीसुद्धा रीतच.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्कीन ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवायचा. त्याच्या कादंबऱ्यांतलं जग, मिडल-अर्थ, त्याच जुन्या इंग्रजीतल्या शब्दावरून आलं, तिथलं मर्कवुड नावाचं जंगल जुन्या नॉर्स काव्यांतल्या अरण्यावरून. आणि त्याच्या 'हॉबिट'चा नायक बिल्बो, त्याचं घर बॅग एंड? ते टॉल्कीनच्या मावशीच्या इंग्लंडातल्या वुस्टरशायरमधल्या शेतघराचं नाव. म्हणजे आपल्याकडे कुणी 'मावशीचा मळा' थेट महाकाव्यात घालावा तसं!

सी. एस. लुईसच्या मुलांच्या कादंबऱ्यांतल्या नार्निया देशाची गंमत आणखी वेगळी. लुईसला अ‍ॅटलासमध्ये हे नाव दिसलं, कानाला गोड लागलं, त्याने खाली रेघ मारून ठेवली. ते इटलीतलं आजचं नार्नी. मुळात ते नेक्विनम. ख्रिस्तपूर्व 299 मध्ये रोमनांनी जिंकलं आणि नार नदीवरून नार्निया केलं.

जिंकणाऱ्याने नाव बदलायचं, हे सातारकरांना काय सांगायचं? 1700 मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतला आणि शहजादा आझमवरून आझमतारा केला. मराठ्यांनी परत घेतला, तो अजिंक्यतारा झाला. 'तारा' मात्र दोघांनीही सोडला नाही! भाच्याच्या नकाशात सात राज्यं लढतात, पण एकाही किल्ल्याला जुनं नाव नाही. मग तिथे आधी कोण राहत होतं?

काल रात्री त्याने गुपचूप वही पुढे सरकवली. झॅन्थोरिया खोडून तळकवठे केलंय. कालकेतूनगरी तशीच.

"ही का ठेवली रे?"

"मामा, तिथं बिल्डरचंच राज्य आहे."