ओळख असेल तर चहा, नसेल तर काठी

परवा गोव्यातल्या माझ्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा ठाण्याच्या आवारात दोन पोलीस एका पोराला काठीने झोडपतायत, पोरगा हिंदीत गयावया करतोय, व्हिडिओ कुठला, कधीचा, पोराने नेमकं केलं काय हे कुणालाच माहीत नाही आणि खाली पहिलीच कमेंट, 'बरें केलें, भायल्यांक अशेंच जाय.' म्हणजे बाहेरून आलेल्यांना असंच हवं. मग अंगठ्यांची रांग. मी एवढंच लिहिलं की गुन्हा केला असेल तर कोर्टात न्या, मारायचा अधिकार कुणी दिला. तर लगेच सगळे माझ्यावरच आले. 'तू थंय बसून आमकां शिकयनाका.' 'पोर्तुगीज पासपोर्ट घेतलास ना, मग गोव्याचं आम्ही बघून घेऊ.' हे लिहिणारा माझ्याबरोबर फोंड्यात एका बाकावर बसलेला माणूस आहे.

मी इंग्लंडात स्विंडनला राहतो, नाइट शिफ्ट करतो, माझ्या रस्त्यावर निम्मे लोक गोव्याचे आहेत. इथले पोलीस देव नाहीत हे मला कुणी सांगायला नको. २००५ साली लंडनमध्ये स्टॉकवेल स्टेशनात त्यांनी एका निरपराध ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला अतिरेकी समजून डोक्यात गोळ्या घातल्या आणि एकाही पोलिसावर व्यक्तिशः खटला झाला नाही, फक्त खात्याला दंड झाला. माजी फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सनला २०१६ मध्ये ३३ सेकंद टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, लावला, मग डोक्यात लाथा घातल्या, तो मेला. त्या पोलिसाला २०२१ मध्ये मनुष्यवधासाठी ८ वर्षांची शिक्षा झाली, पण ड्युटीवरच्या पोलिसाला अशी शिक्षा ३० वर्षांहून जास्त काळात पहिल्यांदाच झाली. म्हणजे इथेही सहज काही मिळत नाही.

पण फरक आहे, आणि मला तो रोज दिसतो. इथे पोलिसाने नुसती बेडी घातली तरी त्याला एक फॉर्म भरावा लागतो, काय वापरलं, का वापरलं, समोरच्याला लागलं का. २०१७ पासून हे सगळीकडे सुरू झालं आणि आकडे दरवर्षी छापून येतात, काळ्या लोकांवर बळ जास्त वापरलं जातं हे त्या आकड्यांतूनच दिसतं, आणि त्यावर भांडता येतं. आणलेल्या माणसाचं काय करायचं ते पकडणारा ठरवत नाही, कस्टडी सार्जंट, म्हणजे कोठडी सांभाळणारा अधिकारी, ठरवतो, आणि त्याचा त्या तपासाशी संबंध नसतो. आमच्या गल्लीतला एक रिटायर्ड शिक्षक कोठडी तपासणारा स्वयंसेवक आहे, महिन्यातून एकदोनदा दुसऱ्या स्वयंसेवकाला घेऊन न सांगता कस्टडीत जातो, आतल्या लोकांना जेवण मिळालं का, वकील मिळाला का, कुणी हात लावला का असं विचारतो आणि लिहून देतो. त्याला पगार नाही, तो पोलीसही नाही. आणि २०२२ मध्ये आमच्या विल्टशायर पोलिसांचंच काम इतकं वाईट निघालं की पोलिसांचं काम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरेटने त्यांना स्पेशल मेजर्समध्ये, म्हणजे खास देखरेखीखाली टाकलं, तेही जाहीर करून. त्यामुळे इथले पोलीस मोडून पडले असं झालं नाही.

हे लिहिलं की भाच्याचं उत्तर तयार असतं, 'मामा, गोवा ल्हान, सगळे ओळखीचे, तुमचे ते फॉर्म इथे नकोत.' यावर मला खरंच राग येतो, कारण अर्धं खरं आहे ते. गोवा लहान आहे, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं, त्यामुळे ठाण्यातल्या हवालदाराचा मेव्हणा कुणाचा तरी शेजारी असतोच. मी कॉलेजात असताना जत्रेच्या रात्री एका भांडणात उगाच सापडलो, ठाण्यात नेऊन मला दोन कानफटात बसल्या, मग बाबांनी कुणाला तरी उठवलं, त्याने आमदाराला उठवलं, आमदाराचा फोन आला आणि मला खुर्ची आणि चहा मिळाला. माझ्याबरोबर धरलेला मुलगा बेळगावकडचा होता, बांधकामावरचा. त्याच्यासाठी कुणाचाच फोन आला नाही. मी घरी निघालो तेव्हा तो आतच होता, पुढे त्याचं काय झालं मला कधीच कळलं नाही. घरी सगळे म्हणाले देवाने वाचवलं. देवाने नाही, आमदाराने.

तर ही आपली पोलीस सुधारणा. ज्याचा आमदार त्याचा कायदा. आणि ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांना वाटतं काठी फक्त भायल्यांवर पडते. २०११ साली पणजीत कोठडीत मारहाणीच्या आरोपानंतर जो माणूस दगावला तो गोंयकारच होता, विसरलात?

बरं, मी काही लंडनचा कायदा उचलून गोव्यात आणा म्हणत नाहीये. आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटक मेमो म्हणजे अटकेची लेखी नोंद, घरच्यांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं आलं. २००६ मध्ये पोलीस सुधारणेच्या प्रकाश सिंग खटल्यात सात निर्देश, त्यातला एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा, आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात असंही कोर्ट म्हणालं. गोव्यात हे प्राधिकरण आहे की, २००७ पासून. ग्रुपवर विचारलं, ते कुठे आहे, तक्रार कशी करतात? कुणालाही माहीत नव्हतं, आणि त्यात एक वकील पण आहे. २०२० मध्ये कोर्टाने प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा म्हटलं. ते फुटेज मागितल्यावर मिळतं का, एवढं विचारा ना कुणीतरी. ते विचारायचं नाही, काठीवर टाळ्या वाजवायच्या.

पोलिसांचं मला कळत नाही असं नाही. माझा चुलतभाऊ पोलिसांच्या आयआरबीत (राखीव बटालियनमध्ये) होता, तासन्‌तास उन्हात बंदोबस्त, जेवण कधी ते ठरलेलं नाही, वरून साहेब एजीएमयूटी केडरचे, म्हणजे गोवा, अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांत फिरणारे अधिकारी, येतात आणि दोन वर्षांत बदलून जातात. तोही म्हणायचा की मार दिला की गुन्हा कबूल होतो आणि केस संपते. तपास करायला वेळ, माणसं, फॉरेन्सिक काही दिलंच नाही तर काठीच उरते, हे खरं आहे. पण मग हे सरकारकडे मागा ना.

पासपोर्टचं म्हणाल तर तो वडिलांच्या जन्मदाखल्यावर घेतला, पोटासाठी घेतला, आणि त्याची लाज मला नाही. पण त्यामुळे एक गोष्ट मला इथे कळली जी फोंड्यात राहून कधी कळली नसती. इथे मी भायलो आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये साऊथपोर्टला लहान मुलींच्या हत्या झाल्यावर ठिकठिकाणी मशिदींवर, आश्रितांच्या हॉटेलांवर जमाव चालून गेले तेव्हा मी आठवडाभर शिफ्ट संपल्यावर मान खाली घालून घरी यायचो, बायको फोन हातातून सोडत नव्हती. इथे माझा आमदार नाही, मेव्हणा नाही, गाव नाही. त्या आठवड्यात मला एवढंच हवं होतं की पोलीस समोर आला तर त्याने मी कुणाचा हे विचारू नये. आणि तो नीट वागेल असं मला वाटत होतं, हे सांगताना जीव तुटतो, कारण माझ्या स्वतःच्या तालुक्यातल्या ठाण्यात मी आजही एकटा जाणार नाही, आधी कुणाला तरी फोन करेन.

मला तिथे मत नाही, मान्य. पण घरपट्टी मी भरतो, आई तिथे एकटी राहते, आणि तिच्या अंगणात काम करणारा मुलगा झारखंडचा आहे, तिला आजी म्हणतो, तिची औषधं तोच आणून देतो. उद्या कुणी त्याला उचलून ठाण्यात नेलं तर फोन कोण करणार? मी ग्रुपवर हेच विचारलं. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, आणि ते मिळेपर्यंत मी विचारत राहणार, शिकवतोय म्हणा नाहीतर काहीही म्हणा.