गूळ, कोबी आणि ‘कोणती गोळी घ्यायची ते सांगा’

काका, माणसाला होणाऱ्या परजीवींवरच्या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. जीवनचक्रांचं पाल्हाळ लावलं, पण गोळी कोणती घ्यायची ते सांगितलं नाही. सात पिढ्या अंडंही न शिवलेल्या घरांना डुकराच्या पट्टकृमीची भीती घातली. कधीच संपलेल्या नारू या कृमीच्या रोगावर उगाच जागा घालवली. आणि गूळ खाल्ल्याने जंत होतात, हे लहान मुलालाही माहीत असलेलं सत्य टाळलं.

गुळाचं आधी उरकते. जंत होतात ते जंतांच्या अंड्यांतून. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत पडतात, दोन-तीन आठवडे तिथे पिकतात आणि मग न धुतलेल्या हातांवरून किंवा काकडी-गाजरावरून तोंडात जातात. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते. गुळाचा यात काही हात नाही. (झोपेत दात खाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पोटात जंत असतात, हेही खरं नाही. पण या बाबतीत माझं घरातसुद्धा कुणी ऐकत नाही.)

शाकाहाराचा मुद्दा मात्र एवढ्यात सोडता येणार नाही. डुकराचा पट्टकृमी माणसाला दोन तऱ्हांनी छळतो, आणि तुमचा आक्षेप पहिल्या तऱ्हेपुरताच खरा आहे. डुकराचं मांस नीट न शिजवता खाल्लं तर त्यातल्या पुटीतून, म्हणजे कृमीची अळी असलेल्या बारीक पिशवीतून, आतड्यात लांबच लांब कृमी वाढतो, दोन ते सात मीटरपर्यंत. तुमच्या घरात हे होणार नाही, कबूल. पण ज्याला होतं त्याला बहुधा पत्ताही लागत नाही, आणि त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडत राहतात. ती डुकराने खाल्ली तर डुकराच्या मांसात पुटी होतात. माणसाने गिळली तर माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत. मेंदूत झाली की आकडी येऊ लागते. अंडी गिळायला मांसाहार करावा लागत नाही. नाल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर किंवा शौचानंतर नीट न धुतलेले हात पुरतात.

न्यूयॉर्कमधलं एक प्रकरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. धर्माने डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या तिथल्या कर्मठ ज्यू समाजातल्या चौघांच्या मेंदूत याच कृमीच्या पुटी सापडल्या. चौघांपैकी कुणीही डुकराचं मांस खाल्लेलं नव्हतं. शोध घेतला तेव्हा त्या घरांत कामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांपैकी एकीच्या आतड्यात पट्टकृमी निघाला. हा शोधनिबंध १९९२ मध्ये छापून आला. यावरून कुणी आपल्या स्वयंपाकाच्या मावशींकडे संशयाने बघू लागेल, तर मला ते अजिबात आवडणार नाही. पट्टकृमी त्यांना झाला असेल तर त्यांच्याही वाट्याला तो नीट न शिजलेल्या मांसातून आलेला असतो, आणि त्या डुकराला कुणाच्या तरी उघड्यावरच्या शौचातूनच, आणि आतड्यातला कृमी डॉक्टरांनी दिलेल्या एका मात्रेत जातो.

कोबीतला किडा डोक्यात जातो, ही समजूतही यातूनच आली असावी. कोबीच्या पानांत दिसते ती हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते. ती माणसात जगूच शकत नाही. पट्टकृमीचं अंडं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा अळी निघाली म्हणून कोबी फेकून देणारे आणि त्याच ताटातली कोशिंबीर बिनधास्त खाणारे, दोघांचाही हिशेब उलटा आहे. शिजलेल्या कोबीला घाबरू नका.

आता गोळी. अल्बेंडाझोलचं नाव तुम्हाला माहीत आहेच. जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांत ती देतात, आणि गोलकृमी (वर सांगितलेले जंत), अंकुशकृमी यांच्यावर ती चांगली चालते. मी त्या मोहिमेच्या बाजूची आहे. पण हिवताप परजीवीमुळेच होतो आणि त्यावर ती निरुपयोगी आहे. अमीबाच्या आवेवर तिचा उपयोग नाही. मेंदूत पुटी असतील तर त्या मरताना भोवती सूज येते, म्हणून तिथे ती सूज आवरणाऱ्या औषधांसोबत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. डोळ्यात पुटी असेल तर या गोळीने दृष्टीही जाऊ शकते. घरात कुणाला कारण न कळलेल्या आकड्या येत असतील, तर दुकानातून परस्पर जंताची गोळी आणून देऊ नका. म्हणून मी लेखात गोळीचं नाव ठळक छापलं नाही.

आणि नारू. त्यावर गोळी नव्हती, लसही नव्हती, आजही नाही. तरीही तो गेला, म्हणूनच मला त्याच्यावर लिहायचं होतं. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाच्या पोटात नारूची अळी असते. ते पाणी प्यायलं की वर्षभराने पायावर फोड येतो आणि त्यातून हातभराहून लांब मादी बाहेर पडू लागते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, मादी तिथे अळ्या सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. आपल्याकडच्या पायऱ्यांच्या विहिरी, बारवा, त्याला अगदी सोयीच्या होत्या, कारण पाणी भरायला आलेला माणूस पाय घेऊनच पाण्यात उतरायचा. १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रुग्ण होते आणि महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता. मग पायऱ्या बंद करून रहाट बसवले, हातपंप दिले, पाणी कापडातून गाळायला शिकवलं, विहिरींत सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पण जगातून तो अजून संपलेला नाही. १९८६ मध्ये जगभर अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. आता वर्षाला वीसच्याही आत आहेत, पण आफ्रिकेतल्या चाड देशात त्याने कुत्र्यांत ठाण मांडलंय. कुत्र्यांना तो बहुधा कच्च्या माशांतून होतो, असं संशोधकांना वाटतं. त्यामुळे तिथल्या गावकऱ्यांना आता पाणी गाळण्याबरोबरच माशांची आतडी पुरून टाकायला आणि नारू झालेला कुत्रा बांधून ठेवायला सांगतात.