थोरली पाती, धाकटी पाती

माझ्या दोन्ही साडूंनी एकाच देशात घर केलं असतं, तर माझी पेन्शन सुखाची झाली असती. पण थोरले गेले मेलबर्नला आणि धाकटे ऑकलंडला. डिसेंबरात तिकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि दोघंही सहकुटुंब सांगलीत माझ्याच घरी उतरतात. सासुरवाडी खरं तर मिरजेची. पण तिथल्या जुन्या वाड्यात कमोड नाही, आणि परदेशात राहिलेल्या गुडघ्यांचा पहिला विचार कमोडचा असतो.

आपल्या पेठेतल्या माणसाला ऑस्ट्रेलिया काय आणि न्यूझीलंड काय, सगळं एकच. दोन्हीकडे इंग्रजी, दोन्हीकडे मेंढ्या, दोन्हीकडे क्रिकेट. झेंडेसुद्धा असे, की कोपऱ्यातला युनियन जॅक आणि बाजूच्या चांदण्या बघून कुठला कुणाचा ते लांबून ओळखू येत नाही. खालच्या मजल्यावरचे काका एकदा धाकट्या साडूंना म्हणाले, "काय, ऑस्ट्रेलियातून कधी आलात?" त्या दिवशी धाकटे जेवले नाहीत.

मी तलाठी होतो. बांधावरून डोकी फुटलेली मी बघितली आहेत, एका आंब्याच्या झाडाचे चार हिस्से लिहून दिले आहेत. त्यामुळे या दोन देशांचं दुखणं काय आहे, हे मला लगेच कळलं. ही शुद्ध भाऊबंदकी आहे. 1901 मध्ये तिकडच्या सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हा एक देश झाला. सातवा भाऊ म्हणून न्यूझीलंडलाही बोलावणं होतं; तो आला नाही. पण कागद आधीच तयार झालेला, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या सुरुवातीच्या कलमात राज्यांच्या यादीत न्यूझीलंडचं नाव आहे ते आजतागायत आहे. थोरले साडू हे सांगताना माझ्याकडे बघून म्हणतात, "काय भाऊसाहेब, सातबाऱ्यावर नाव आहे म्हटल्यावर?" धाकटे म्हणतात, "ताबा कुणाचा ते बघा!" कायद्याने दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. आमच्या कचेरीत अशा प्रकरणात तीन पिढ्या सुखाने गेल्या असत्या.

मला यात नवल वाटत नाही, कारण सांगलीच मुळी अशी जन्मली. काकांशी पटेना म्हणून चिंतामणराव पटवर्धनांनी मिरज सोडली आणि 1801 मध्ये सांगलीला वेगळी गादी मांडली. मागे राहिलेल्या मिरजेचे पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती असे आणखी दोन तुकडे झाले. आता सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका एक आहे. पण आमच्या घरात अजून "तुमच्या सांगलीला" आणि "आमच्या मिरजेला" असंच बोलणं चालतं. ही म्हणते, मिरजेची सतार जगात वाजते, सांगलीचं काय वाजतं? मी गप्प बसतो. हळद वाजत नाही.

आंब्याच्या झाडाचे हिस्से मी लिहिले, पण घोड्याचे हिस्से मात्र साडूंमुळेच ऐकले. फार लॅप नावाचा घोडा 1926 मध्ये न्यूझीलंडला तिमारूजवळ जन्मला, ऑस्ट्रेलियात पळाला आणि 1930 ची मेलबर्न कप शर्यत त्याने मारली. दोन वर्षांनी तो कॅलिफोर्नियात मेला आणि वारस उभे राहिले. वाटणी अशी झाली: कातडं भरून मेलबर्नच्या संग्रहालयात, सांगाडा न्यूझीलंडला वेलिंग्टनमध्ये आणि काळीज ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात. धाकटे म्हणतात, हाडं आमची, म्हणजे घोडा आमचा. थोरले म्हणतात, काळीज कुठे आहे ते बघा. जिवंत असताना त्या घोड्याने कुणाला चावलं नसेल, तर तो साधूच म्हणायचा.

आणि ही शर्यत म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी मेलबर्नला चक्क सरकारी सुट्टी असते, घोड्यांसाठी. आमच्याकडे बैलगाडी शर्यतीवर लोक जीव टाकतात. पण तिला जायचं तर रजेच्या अर्जात आजी वारल्याचं लिहावं लागतं. माझ्या एका कोतवालाच्या चार आज्या अशा वारल्या.

खरा छळ पहाटेचा. मेलबर्नची सव्वीस डिसेंबरची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते. न्यूझीलंडात कसोटी असली की ती साडेतीनला. म्हणजे ऐन थंडीत साडेतीनला धाकटे स्वेटर चढवून टीव्ही लावणार, पाचला थोरले येऊन रिमोट मागणार, आणि या दोघांच्या भांडणाने जागा होऊन चहा टाकणार मी. दोघांनाही साखर चालत नाही, दूध वेगळं लागतं आणि कपाला बशी लागत नाही. मला बशीशिवाय चहा पिता येत नाही.

क्रिकेटचा विषय निघाला की धाकटे 1 फेब्रुवारी 1981 वर येतातच. मेलबर्नचं मैदान, शेवटचा चेंडू, बरोबरी साधायला न्यूझीलंडला षटकार हवा. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपल. त्याने गोलंदाजाला, म्हणजे आपल्याच धाकट्या भावाला, ट्रेव्हरला सांगितलं, चेंडू जमिनीवरून घरंगळत सोड. सोडला. आता घरंगळणाऱ्या चेंडूवर षटकार मारणार कोण? फलंदाजाने तो अडवला आणि बॅट फेकून दिली. न्यूझीलंडचे पंतप्रधान मल्डून म्हणाले, ऑस्ट्रेलियाचा पोशाख पिवळा आहे तेच योग्य आहे. इंग्रजीत पिवळा रंग भित्र्याचा. धाकटे साडू तेव्हा इचलकरंजीत बालवाडीत होते, पण सांगतात असे, की जणू तो चेंडू त्यांच्याच पायाला लागला. थोरले यावर नुसते हसतात. थोरल्या पातीचं हे असंच असतं. धाकटा आयुष्यभर जखम मोजतो आणि थोरल्याला आपण मारलं होतं हेच आठवत नाही. 1946 मध्ये ऑस्ट्रेलियाने वेलिंग्टनला जाऊन एक कसोटी खेळली, न्यूझीलंडला 42 आणि 54 धावांत गुंडाळलं, आणि मग 1973 पर्यंत त्यांच्याशी पुन्हा कसोटी म्हणून खेळली नाही. एवढा अबोला आमच्या तासगाव तालुक्यातसुद्धा मी बघितलेला नाही.

मधे एकदा मीही तोंड घातलं. म्हटलं, आमच्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी 1948 मध्ये अॅडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली, 116 आणि 145, तीही ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियापुढे. थोरले म्हणाले, "आणि सामना?" सामना आपण डावाने हरलो होतो. ब्रॅडमनने त्यात 201 काढल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी चहापुरताच बोलतो.

थोरल्यांचा खरा जीव त्यांच्या तिकडच्या फुटबॉलवर. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, एका बाजूला अठरा माणसं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण; नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण. चुकल्याबद्दल गुण! ही पद्धत आमच्या बोर्डाला असती, तर गणितात मी जिल्ह्यात पहिला आलो असतो.

धाकट्यांचा देव रग्बी. सामन्याआधी त्यांचा संघ 'हाका' नावाचा नाच करतो. तिथल्या मूळच्या माओरी लोकांची ती जुनी, मानाची रीत. मांड्यांवर थापा, जमिनीवर पाय, डोळे वटारलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. टीव्हीवर ते बघून खरंच अंगावर काटा येतो. पण ती धाकट्यांनी आमच्या हॉलमध्ये, लुंगीवर, भावाबहिणींच्या मुलांना करून दाखवली. सासूबाई नेमक्या देवघरातून बाहेर आल्या. त्यांनी जावई बघितला, जीभ बघितली, एक शब्द न बोलता मागे वळल्या आणि अंगाऱ्याची डबी घेऊन आल्या. "कुठला देव आहे बाबा, काय पाहिजे त्याला?" म्हणून कपाळाला अंगारा लावून मोकळ्या झाल्या. थोरले सोफ्यावरून खाली घसरले ते हसून.

न्यूझीलंडात साप नाहीत, हे धाकट्यांचं दुसरं मोठं भांडवल. थोरल्यांच्या देशात विषारी सापांची रेलचेल. पण बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे साप नसल्याचं कौतुक कोण करणार? सासरे म्हणाले, "मग नागपंचमीला काय करता?"

संध्याकाळी मंडळी गच्चीवर जातात. भडंगावर कांदा चिरायचा, लिंबू पिळायचं, आणि लसणीच्या तेलाने बोटं लाल झाली की बाटली घसरू नये म्हणून ती पंच्याच्या टोकात धरायची, एवढं काम माझं. बाकी दोघांचं. थोरले आधी ग्लासावरून सुरू करतात. तिकडे बिअरच्या ग्लासाची मापं ठरलेली, पण प्रांताप्रांतात वेगळी. सिडनीत स्कूनर मागितला तर 425 मिलिलिटर मिळते आणि अॅडलेडला तेच नाव घेतलं तर 285. एक देश, एक नाव आणि माप दोन? गुंठ्याचं असं झालं असतं, तर महाराष्ट्रात रक्ताचे पाट वाहिले असते. आमच्याकडे स्टीलचा पेला. तो भरला की भरला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन्ही देशांत फर्मान निघालं, दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद. उद्देश उदात्त, की माणूस वेळेत घरी जावा. कचेऱ्या सुटायच्या पाचला. म्हणजे हातात एक तास. त्या एका तासात लोक अशी पीत, की आडव्या माणसाला उभा करून पुन्हा पाजायला वेळच नसायचा. गुत्त्यांच्या भिंतींना फरशी, म्हणजे नंतर पाण्याने धुऊन काढता यावं. मेलबर्नला हे 1966 पर्यंत चाललं आणि न्यूझीलंडात 1967 पर्यंत. कोण जास्त काळ मागास राहिलं, यावर त्या रात्री दोघांनी आवाज चढवला. एका वर्षाने धाकटे हरले की जिंकले, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा तर 1911 ते 1928 कोरडीच होती. मग तिथले बाबू हद्द ओलांडून शेजारच्या क्वीनबियनला जाऊन पिऊन येत. हे ऐकून मला फार जवळचं वाटलं. ड्राय डेला म्हैसाळवरून कर्नाटकातल्या कागवाडकडे जाणाऱ्या मोटारसायकली ज्याने बघितल्या आहेत, त्याला कॅनबेरा परकी वाटायचं कारण नाही.

पण मला सगळ्यात पटली ती न्यूझीलंडची गोष्ट. बायकांना मतदानाचा हक्क देणारा तो पहिला देश, 1893. त्या चळवळीतल्या केट शेपर्ड आणि त्यांच्या मैत्रिणी मुळात दारूबंदीवाल्या. पुढे तिकडे निवडणुकीबरोबरच दारू हवी की नको याचंही मतदान होऊ लागलं, आणि ते थेट 1987 पर्यंत होत राहिलं. 1919 मध्ये तर दारूबंदी जवळजवळ झालीच होती. परदेशातून सैनिकांची मतं आली आणि बाटली वाचली. आमच्याकडे गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद करतात, त्याची चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली. अशा एका मतदानाला मी ड्युटीवर होतो. डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी मतपत्रिका घेऊन मला विचारत होत्या, "भाऊसाहेब, आडवी म्हंजे आमच्या ह्यांच्यासारखी नव्हं?" मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही. आजींनी शिक्का मात्र इतक्या जोरात मारला, की टेबल हललं.

थोरल्यांच्या देशाचे एक पंतप्रधान बॉब हॉक. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी अडीच पाइंट, म्हणजे जवळजवळ दीड लिटर बिअर 11 सेकंदांत संपवून विक्रम केला होता, आणि मतदारांना आपली ही कामगिरी फार भावली असं ते स्वतःच सांगत. 1983 मध्ये ते पंतप्रधान झाले. त्याच्या चारच वर्षांआधी आपले मोरारजी पायउतार झाले होते. ते काय प्यायचे हे साऱ्या देशाला ठाऊक होतं, पण ते बाटलीतलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र दोन्ही देश अगदी एकमत आहेत. बसलेल्यांपैकी प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी एक फेरी आणायची. पाळी चुकवली की माणूस कायमचा उतरला. मिरज रोडच्या एका हॉटेलात आम्ही तिघं जेवायला गेलो आणि बडीशेपेच्या बशीत बिल आलं. आपल्याकडची रीत अशी, की तिघांनी एकदम हात घालायचा, "अहो राहू द्या" म्हणत एकमेकांचे मनगट धरायचे, वेटरने छताकडे बघत उभं राहायचं. मी मनगट धरायला हात पुढे केला, तर समोर मनगटच नाही. थोरले धाकट्यांना म्हणत होते, "आज पाळी तुमची." धाकटे म्हणत होते, "गेल्या वर्षी कोल्हापूरला मी दिलं होतं." "तो नाश्ता होता." "मटणाचा नाश्ता?" वेटर प्रथमच छताऐवजी माझ्याकडे बघायला लागला. दोन प्रगत देशांचा हिशेब मिटेपर्यंत तलाठ्याच्या पेन्शनीतून बिल भागलं.

या वेळी जाताना दोघांनीही मानुका नावाच्या तिकडच्या झुडपाच्या मधाची एकेक बाटली दिली. त्यावरही दोन देशांत दावे झालेत, नाव आमचं की तुमचं. धाकट्यांनी हळूच सांगितलं, "अस्सल हा." थोरल्यांनीही तेच सांगितलं, फक्त मोठ्याने. मंडळी विमानतळाकडे निघाली आणि हिने दोन्ही बाटल्या एकाच बरणीत ओतल्या. बाटल्या तिला तेलाला हव्या होत्या. आता रोज पहाटे ऑकलंडहून फोन येतो आणि नाश्त्याला मेलबर्नहून, "कुठला बरा लागला?" मी दोघांनाही एकच सांगतो, प्रकरण फेरफाराला लावलंय, हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या.