‘हार्टच्या पेशंटला काही सांगू नका’ म्हणणाऱ्यांना

आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. हार्टच्या पेशंटला आजाराचं सांगू नका, घाबरतो. बोलत बसून रोग बरा होत नाही. पथ्याचा कागद सगळ्यांना एकच. बाकी डॉक्टर आणि मुलगा ठरवतील.

‘घाबरतो.’ आम्हीही आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं नव्हतं. हृदयाची ताकद कमी झालीय (हार्ट फेल्युअर), त्यानं अंगात पाणी साठतं हेच ठाऊक नाही, मग लघवीची गोळी कशाला हे कसं कळणार? खानापूरला शेताकडं जायचं असलं की ते गोळी चुकवायचे. बसमधून मध्येच उतरणार कुठं? पाय सुजले, आडवं झालं की दम लागायचा, दोनदा ॲडमिट केलं. दुसऱ्या खेपेला एका सिस्टरनं विचारलं, “आप्पा, दिवसभर काय काय करता?” तेव्हा हे बाहेर आलं. डॉक्टरांनी प्रवासाच्या दिवशी गोळी दुपारी, परतल्यावर घ्यायला सांगितलं. आता आप्पा रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, हे त्यांना पाठ आहे. ते घाबरायचे आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजायचो तेव्हा.

‘बोलून बरा होत नाही.’ हा आजार गोळ्यांनीही पुरता जात नाही, रोज सांभाळावा लागतो. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये अशा सुमारे अडीचशे रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाचं ऐकायचं, त्याच्यासोबत उपचार ठरवायचे, ठरलेलं लिहून ठेवायचं, एवढीच पद्धत. सगळ्यांचा हिशेब धरला तर नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक ठाम नव्हता. पण जिथं ती पुरती पाळली, तिथं दवाखान्यातला मुक्काम सरासरी अडीच दिवसांनी घटला. अर्धवट विचारपूस पुरत नाही, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

‘कागद एकच.’ त्यात ओट्स आणि सॅलड. आमच्या ताटात भाकरी, खर्डा, लोणचं, पापड. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, हे त्या ताटावर बोट ठेवून सांगायला हवं. निपाणीकडं तंबाखूत राबलेल्या बाईला मिश्रीबद्दल विचारल्याशिवाय कसं कळणार? आणि कागद कन्नड किंवा इंग्रजीत, वाचणारी मराठी. तिला तिच्या भाषेत समजावून परत सांगायला लावा.

‘मुलगा ठरवेल.’ तपासणीला आता डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आप्पा बसतात. ते विसरले तेवढं मी सांगतो.