सीओपीडी, फुटाळ्याची चक्कर आणि ‘इम्युनिटी’

सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा आजार) पेशंटला ‘रोज फुटाळ्यावर (फुटाळा तलावावर) एक चक्कर मारा, इम्युनिटी वाढते’ असं सांगणाऱ्यांची नागपुरात वाण नाही. चालणं चांगलंच. पण गोळी लिहिताना किती आणि केव्हा ते लिहितो, मग व्यायामच मोघम का?

आधी इम्युनिटीचं बोलू. या पेशंटच्या रक्तात सीडी२८ हे पृष्ठभागावरचं प्रथिन गमावलेल्या सीडी८ टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त सापडतात. या म्हाताऱ्या झालेल्या पेशी. नव्या जंतूविरुद्ध ढिल्या, पण दाह वाढवणारी रसायनं सोडण्यात पुढे, आणि स्टेरॉइडलाही सहजी दाद देत नाहीत. व्यायाम सुरू झाला की अ‍ॅड्रेनलिनमुळे अशाच पेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात, थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जातात. (चालून आल्याआल्या सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीला, रक्त देऊ नका, लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) उगाच चढलेले दिसतात.) निघून गेलेल्या पेशी मरतात आणि नव्यांना जागा होते, ही कल्पना मोहक आहे, सिद्ध झालेली नाही. २०१८ चा बर्मिंगहॅमचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो: ५५ ते ७९ वयाच्या सायकलस्वारांमध्ये थायमसमधून (छातीतली टी-पेशी तयार करणारी ग्रंथी) नव्या टी-पेशी तरुणांसारख्या निघत होत्या. ते निरोगी होते आणि आयुष्यभर सायकल चालवत आलेले. ‘दोन जिने चढलो की दम भरते जी’ म्हणणाऱ्या काकाजींना त्यावरून आश्वासन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यायामाने दम कमी लागतो आणि चालण्याचं अंतर वाढतं, हे मात्र पक्कं आहे. तेवढ्यासाठीच तो नीट मापून द्यावा.

माप असं. सपाट कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजा, शक्यतो फिजिओथेरपिस्टसमोर. ३०० मीटर झाले तर वेग मिनिटाला ५० मीटर. त्याचा ८० टक्के, म्हणजे ४० मीटर, हा सरावाचा वेग. सुरुवातीला २ मिनिटं चाल, १ मिनिट थांब. हळूहळू सलग २० ते ३० मिनिटं. आठवड्यातून किमान ३ दिवस, ८ आठवडे. ० (अजिबात दम नाही) ते १० (जास्तीत जास्त दम) या मापावर दम ४ ते ६ असावा. २ वर गप्पा मारत फिरणं म्हणजे करमणूक. पुढच्या वेळी त्याच कॉरिडॉरमध्ये मोजा. लहान जागेत वळणं जास्त, अंतर कमी भरतं.

नुसतं चालून भागत नाही, कारण आधी खचतात त्या मांड्या. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, उठताना श्वास सोडा. ८ ते १२ वेळा, असे २-३ सेट. इथे हमखास चूक होते ती श्वास रोखून उठण्याची. दुसरी, घाईघाईने श्वास घेण्याची: आधीची हवा बाहेर पडायच्या आत नवी आत येते, छाती फुगूनच राहते आणि दम आणखी वाढतो. नाकाने २ आकड्यांत घ्या, ओठांचा चंबू करून ४ मध्ये सोडा.

डॉक्टरांनी रिलीव्हर पंप (दम लगेच कमी करणारा) लिहून दिला असेल तर तो चालण्याच्या १०-१५ मिनिटं आधी, स्पेसरने (पंपाला जोडायची नळी). बोटाच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आकडा न बघता थांबा. डिसेंबरात गार बोटांवर आकडा खोटा कमी येतो, आधी हात चोळून घ्या.

आपल्या हवेचंही बघा. थंडीत पहाटे शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच तरंगतो, तेव्हा ऊन आल्यावर निघा. मे महिन्यात उलट: पहाटे साडेपाचला आटपा, नाहीतर घरातच चाला. घरात कूलर असेल तर टाकीतलं पाणी बदला आणि कुबट वास येणारी खस फेकून द्या, तिच्यावरची बुरशी सरळ छातीत जाते.